अर्धी भाजलेली टर्की

सोम. २१ डिसेंबर १९३१
ह्यांनी आज जिवंत टर्की आणली, कोंबडीच्या चौपट पक्षी. कुर्डुवाडीहून, टोपलीत घालून, गाडीतून. नाताळच्या जेवणाला ह्यांचे गोरे साहेब येणार म्हणून. मला विचारलं नाही. घरात चूल आणि शेगडी, एवढं धूड मावेल असं पातेलंही नाही. म्हटलं, तुकडे करू, रस्सा करू. "साहेबापुढं रस्सा? अख्खी भाजून यायला पाहिजे." बरं. भाजणार कुठं?

बुध. २३
पाववाल्या चाचांच्या भट्टीत, असं ठरलं. पण नाताळच्या सकाळी भट्टीत केक, जागा नाही. तर ह्यांची अक्कल अशी, की उद्या संध्याकाळी तिथं निम्मी भाजायची, झाकून ठेवायची, परवा जेवणाआधी उरलेली घरी शेगडीवर. अर्धकच्चं मांस रात्रभर ठेवायचं, आणि तेही सोलापुरात. इथं थंडीतसुद्धा दुपारी घाम फुटतो.
पोरीचं, शांताचं नाव काढलं तर "तुझं आपलं तेच की." हो, तेच. गेल्या उन्हाळ्यात शिळ्या मटणानं माझी पोर जाता जाता राहिली. पुन्हा असं झालं तर सोसणार नाही, असं डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर सांगितलं होतं. हे विसरले. मी कशी विसरू.

गुरु. २४
पिसं मीच काढली, पोट मीच साफ केलं. घरभर ओल्या पिसांची घाण. वर ह्यांनी पोटात कांदा-पाव ठासून भरला. आतपर्यंत आच पोचणार कशी, ते विचारायची सोय नाही.
संध्याकाळी चाचा स्वतः घेऊन आले. बाहेरून झकास लाल. मांडीत सुरी घातली तर रक्ताळ पाणी. चाचा म्हणाले, "साब बोलले निम्मी काढा, तर काढली बाई." त्यांना काय बोलणार.
म्हटलं, आत्ताच तुकडे करून उकळते. ह्यांनी परात उचलून कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली. माझ्या स्वयंपाकघरात मलाच कुलूप. डोकं फिरलंय नुसतं.

शुक्र. २५
चर्चहून आल्यावर चाचांकडून मागून आणलेल्या मोठ्या पातेल्यात घालून शेगडीवर ठेवली, झाकणावर निखारे. साहेब दारात आले तरी हाडाजवळ गुलाबीच. "मी वाढणार नाही," मी ह्यांना म्हणाले. ह्यांनी परात हातातून ओढून घेतली.
शांताला मी वेगळा वरणभात केला होता. तिच्या ताटात, साहेब बघत असताना, ह्यांनी तुकडा टाकला. "खा बाळ, आई उगीच भिते." मी ओरडले, ताट ओढलं. तोवर घास गिळला होता पोरीनं.
साहेब गेल्यावर, "चारचौघांत माझी शोभा केलीस." केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. माणूस आहे की कोण. बोलणं बंद.

शनि. २६
सकाळी ऑफिसचा शिपाई आला. "साहेब आज येनार न्हाईत. रातीपास्नं पोट लई बिघडलंय." हे चहाची कपबशी धरून उभेच.
मग शांताजवळ जाऊन बसले. "कसं वाटतंय गं?" तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग हळूच, "कळ येतीय पोटात. पहाटेपासून." काल मी ओरडले म्हणून भिऊन सांगितलं नव्हतं तिनं.
हे अनवाणीच टांगा आणायला पळाले. मी शांताला शालीत गुंडाळत राहिले. तोंड उघडलं तर थांबायची नाही मी.
शांता पाणी मागतेय. टांगा अजून आला नाही.