तिसऱ्या विश्रांतीतला प्रश्न

अ‍ॅडलेड, १९ मे

प्रिय डर्मटदादा,

इतके महिने लिहिलं नाही, माफ कर.

राज्य फुटबॉल लीगमधला कॉर्बिन सव्वीस वर्षांचा, पेशाने प्लंबर. मोठ्या लीगने त्याला कधी विचारलं नव्हतं. नवे खेळाडू हेरणं हे माझं काम, म्हणून मी नाव सुचवलं आणि मोठ्या लीगमधला आमचा क्लब त्याला परवा घेणार आहे.

आज खेळताना त्याच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. तिसऱ्या विश्रांतीत, शेवटचा पाव डाव उरलेला असताना, आम्ही प्रेक्षक नेहमीसारखे मैदानात उतरून खेळाडूंच्या घोळक्याभोवती उभे होतो. कॉर्बिनने विचारलं, "आता कुठल्या गोलकडे मारायचं?"

"तुझा नेम बघता, कुठेही मार!" कप्तान म्हणाला. सगळे हसले. त्याची आईसुद्धा.

तो चेष्टा करत असेल का? पण खेळताना डोक्याला मार लागल्यावर तूही एकदा हेच विचारलं होतंस, तेव्हाही लोक हसले होते. आता तू मला ओळखत नाहीस.

सामन्यानंतर त्याने माझा हात घट्ट धरला. "ताई, कुणाला बोलू नका. पुन्हा कोण विचारणार मला?"

बोलले तर त्याची संधी जाईल. गप्प राहिले तर काय जाईल, ते मी दर रविवारी तुझ्यासमोर बसून बघते.

तुझी,
नेरिडा

उद्या: क्लबच्या डॉक्टरांना फोन करणे.