झोळीच्या पट्ट्यांवरील लोंबत्या दोऱ्यांविषयी

चि. भोपळ्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. (पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला ‘चिरंजीव’ आणि ‘भोपळ्या’ ही दोन्ही संबोधने एकाच ओळीत लागू पडावीत, याला थोरल्या बहिणीचा इलाज नाही.) तुझा गुडघा पूर्ण बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, असे तुझ्या सौभाग्यवतींकडून समजले. आनंद झाला. डॉक्टर वयाने फार लहान आहेत, एवढेच येथे नमूद करते. माझी प्रकृती उत्तम आहे. सर्दीला मी प्रकृतीत धरत नाही.

आता ज्या गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने मांडते, म्हणजे भिंगरीने तुला फोनवर जे काही सांगितले असेल ते दुरुस्त करून घेणे तुला सोपे जाईल. प्रथम, तुझा गुडघा दुखावला. त्यामुळे तू आणि माझी मुलगी मिळून दरवर्षी ऐन पावसाळ्यात रानात झोळ्या टांगून राहण्याचा जो उद्योग करता, त्यातली तुझी जागा रिकामी झाली. त्यानंतर भिंगरीने ती जागा मला देऊ केली. (तिचे शब्द असे: “आई, तू येतेस का? नाहीतर मामाची झोळी नुसती पडून राहील.” कणव माझी होती की झोळीची, याचा मी खल केला नाही.) त्यानंतर मी होकार दिला. सर्वांत शेवटी पाऊस आला. या क्रमात माझी चूक नेमकी कुठे बसते, हे मला अद्याप सापडलेले नाही.

होकार का दिला, तेही सांगते. रविवारी भिंगरीचा मला फोन येतो. त्यात आम्ही तिच्याकडचे आणि माझ्याकडचे हवामान एकमेकींना कळवतो, जेवण झाले का ते विचारतो आणि फोन ठेवतो. तुझ्याशी ती तासन्‌तास काय बोलते, ते मला कधी कळले नाही आणि तुला विचारणे माझ्या स्वभावात बसत नाही. ती अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर टाकून कृत्रिम दात घडवणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाली, तेव्हा मी माझे मत दिले होते. (मत सविस्तर होते.) तेव्हापासून आमच्यात हवामान सुरू आहे. तेव्हा, जिथे हवामान डोळ्यांसमोरच असल्याने त्याविषयी बोलण्याचे कारण उरणार नाही, अशा ठिकाणी तिच्याबरोबर राहून यावे, हा विचार मला तर्कशुद्ध वाटला.

तयारीत मी कसूर केली नाही. जिने उभे आयुष्य पुलांचे आराखडे तपासले, तिला दोन झाडांमध्ये टांगलेली झोळी म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको: तो एक फार छोटा आणि फार अडाणी झुलता पूल असतो. माझे वजन (त्याचा आकडा या पत्रात येणार नाही), पट्ट्यांचा कोन आणि झाडांच्या बुंध्यांची जाडी यांचे गणित मी घरूनच मांडून नेले होते. भिंगरीने मात्र ते कागद न पाहताच, काहीतरी गुणगुणत, दोन्ही झोळ्या टांगल्या, दोन्हींवर ताडपत्र्या ताणल्या आणि ती ओढ्यावर पाणी आणायला निघाली. जाताना म्हणाली, “आई, बस निवांत. कशालाही हात लावू नकोस हं.”

मग लावलास कशाला, असे तू विचारशील. भोपळ्या, ते दृश्य तू पाहायला हवे होते. (तू ते दरवर्षी पाहतोस आणि तुला काहीही होत नाही, हाच तुझ्या-माझ्यातला फरक.) ताडपत्रीचे तीन कोपरे एका उंचीवर आणि चौथा, पडक्या खांद्यासारखा, खाली. झोळी ज्या पट्ट्यांनी झाडाला बांधतात, त्या प्रत्येक पट्ट्यावर, झोळीच्या अगदी तोंडाशी, दोरीचा एकेक तुकडा गाठ मारून नुसता लोंबत सोडलेला. तो कशालाही बांधलेला नव्हता आणि त्याला काहीही टांगलेले नव्हते. माझ्या कचेरीत असा आराखडा कोणी आणला असता, तर तो टेबलावर टेकण्यापूर्वी परत गेला असता. मी चौथा कोपरा इतर तिन्हींच्या उंचीला आणला. पर्समधल्या नखे कापायच्या कात्रीने माझ्या झोळीच्या दोन्ही दोऱ्या कापल्या, तुकडे जपून पर्समध्ये ठेवले आणि भिंगरीच्या झोळीकडे वळले, तोच ती पाणी घेऊन परतली. माझ्या हातातली कात्री पाहून ती इतकेच म्हणाली, “माझी राहू दे.” आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरे, असे मला वाटून गेले.

पाऊस दुपारी आला. पहिली काही मिनिटे माझी व्यवस्था निर्दोष होती. नंतर ताडपत्रीच्या मधोमध, माझ्या पोटाच्या बरोबर वर, एक तळे तयार होऊ लागले. चारही कोपऱ्यांना सारखाच मान मिळाल्यामुळे पाण्याला कोणत्याच बाजूने जावेसे वाटेना. (ओले झाल्यावर ढिले पडणारे कापड तू विकत घेतोस, हा दोष तुझा. तो मी वेगळा नोंदवला आहे.) तळ्याकडे माझे लक्ष असताना पाठीखालून गार लागले. झाडाच्या बुंध्यावरून पाणी पट्ट्यावर उतरत होते, पट्ट्याच्या कडेने शिस्तीत चालत येत होते आणि वाटेत त्याला अडवणारे काहीही नसल्यामुळे दोन्ही टोकांकडून थेट माझ्या अंथरुणात शिरत होते. भिंगरीच्या झोळीकडे येणारे पाणीही तसेच पट्ट्यावरून चालत आले, लोंबत्या दोरीपाशी थांबले आणि तिच्या टोकावरून खाली जमिनीवर ठिबकून गेले. तिच्या ताडपत्रीवरचे पाणी पडक्या कोपऱ्यातून धार धरून निघून जात होते. पाऊस एकच, झोळ्या दोन, फरक स्पष्ट. प्रयोग म्हणून मांडणी आदर्श होती. मी त्यातला भिजलेला नमुना होते. मी वरच्या तळ्याला खालून हात लावून पाहिला आणि तळे खाली आले.

भिंगरी हसली. (“पोट धरून” हा शब्दप्रयोग मी एरवी अतिशयोक्ती मानते.) मग म्हणाली, “ये गं आई इकडे. सर्दी होईल.” तेव्हा मी तिच्या झोळीत जाऊन बसले. आता एक गोष्ट तुला शास्त्र म्हणून सांगते, भावना म्हणून नव्हे: खाली झुकलेल्या कापडात दोन माणसांना एकमेकांपासून अंतर राखून बसता येत नाही. दोघेही सर्वांत खोल जागेकडे घसरतात. मी काठाला धरून पाहिले. उपयोग झाला नाही. त्यामुळे पाऊस थांबेपर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो आणि हवामान समोरच असल्याने त्याविषयी कोणी बोलले नाही.

ती दातांविषयी बोलली. अगदी सरळ बसवलेला दात लगेच खोटा दिसतो, म्हणून ती तो शेजारच्या दाताच्या वळणाने किंचित कलता ठेवते आणि त्या कलण्याचे माप प्रत्येक तोंडागणिक वेगळे काढते. मी हरकत घेतली. तिने उत्तर दिले. मी दुसरी हरकत घेतली. तिचेही उत्तर तिच्याकडे होते. तिचे काम बारीक आहे, असा माझा अभिप्राय झाला असून मी तो तिला तोंडी कळवला. त्यावर तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली, पुढच्या वर्षी ती काय करू पाहते आहे आणि तिला कशाची भीती वाटते, त्याविषयी. ती तुला ठाऊकच असेल, म्हणून लिहीत नाही. (ठाऊक नसेल, तर मला मनापासून आनंद होईल.)

रात्रीविषयी लिहिण्यासारखे काही नाही, ती गेली. सकाळी भिंगरीने माझ्या बुटांच्या नाड्या मागून घेतल्या, माझ्या झोळीच्या पट्ट्यांवर बांधल्या आणि म्हणाली, “आता बघ.” मी बघितले. परतीच्या वाटेवर मी दोन्ही बूट फरफटत चालले आणि तिने माझा दंड धरला होता, तो वाट नीट असलेल्या ठिकाणीही सोडला नाही. उतार कुठे संपतो, ते तिला कळत नसावे.

तुझी ताडपत्री आणि झोळी सुकवून, घडी घालून ठेवली आहे. घडी तुझ्या घडीपेक्षा चांगली आहे.

तुझी,
ताई

ता.क. पुलाच्या स्लॅबच्या खालच्या कडेला पन्हळ असते. पाणी कडेवरून आत न ओघळता तिथेच ठिबकून जावे, म्हणून ती ठेवतात. ती न दाखवणारे आराखडे मी जन्मभर लाल शेरा मारून परत पाठवले. त्या विषयावर माझे व्याख्यानही आहे. हे भिंगरीला सांगण्याचे कारण नाही.

दुसरा ता.क. कापलेल्या दोऱ्या माझ्याकडेच राहतील.

तिसरा ता.क. पुढच्या वर्षीसाठी भिंगरी तुला विचारणार आहे. ती म्हणाली, “मामा बरा झाला की त्याला विचारायलाच हवं, नाहीतर रुसेल.” झोळ्या दोनच आहेत. तुझ्याकडे तिच्या सहली पुष्कळ जमल्या आहेत. माझ्याकडे एकच आहे आणि तीही भिजलेली. तेव्हा गुडघ्याविषयी डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष घाईचा आहे, पावसाळी हवेत गुडघा आतून ठणकतो आणि ओल्या रानात जाणे तुला यापुढे झेपणार नाही, असे तू तिला सविस्तर लिहावेस. फोन करू नयेस. फोनवर तू पाघळतोस. पत्र तिला पाठव, त्याची प्रत मला, आणि ही विनंती मान्य असल्याचे स्वतंत्र उत्तरही मला लेखीच दे. गुडघा डावा होता की उजवा, याबाबत सर्व कागदांत एकवाक्यता असावी.