खाऊन राहिले

अण्णा, तुम्ही असता तर आज नांदेडहून बस धरून लातूरला आलो असतो आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो असतो. तिथंच तुम्ही रोगी तपासायचात. शेगडीवर काढा, पाटावर माणूस आणि शेजारी टिपणं घेणारा तुमचा शिष्य, मी. एकदा तुम्ही माझ्या हातातली पेन्सिलच काढून घेतलीत. "बाई बोलून राहिली अन् तू कागदात तोंड घालून बसलास! दुखणं कागदाला हाय का तिला?"

आता मी आयुर्वेद महाविद्यालयात शिकवतो आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती कागदही नाही, टॅब्लेट आहे. गोळी नव्हे, अण्णा, पाटीएवढं यंत्र. रोगी बोलतो, ते ऐकतं आणि स्वतःच लिहितं. वॉर्डात ते वापरू द्यायचं की नाही, यावर उद्या मला सही करायची आहे. मुलं उतावीळ झाली आहेत, आणि मी आठवडाभर चरफडतोय. यांचं बोट नाडीआधी पडद्याला लागतं.

आज मुखेडकडची एक म्हातारी आली. माझी विद्यार्थिनी विचारते, "मावशी, बीपीच्या गोळ्या चालू हायेत का?"

"खाऊन राहिले की, माय."

म्हणजे खातेच आहे. यंत्रानं लिहिलं : गोळ्या खाऊन झाल्या, सध्या बंद. क्त्वान्ताचा, म्हणजे या ‘-ऊन’चा, असा अर्थ लावणाऱ्याला आमच्या संस्कृत पाठशाळेत उन्हात उभं केलं असतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? बंद समजून कुणी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, तर म्हातारी दुप्पट खाऊन चक्कर येऊन पडायची. पकडलं चोराला! मी तोंड उघडणार, तोच पोरगी हसली.

"सर, ह्याला आपली बोली कळंना. मावशी, आज सकाळची गोळी खाल्ली का?"

"हाव, खाल्ली की."

तिनं बोटानं ओळ सुधारली, यंत्र पालथं ठेवलं आणि म्हातारीचा घोटा दाबून पाहिला. "ही सूज कवापासून हाय?"

सूज मला दिसलीच नव्हती.

म्हातारी बोलत होती तेव्हा पोरगी तिच्याकडे बघत होती. यंत्र कुठं चुकतं ते टिपायला पडद्यात तोंड घालून बसलो होतो तो मी. उद्या सही करीन. कारण मात्र पोरीला सांगणार नाही. तुम्हालाही हे पत्र धाडता येत नाही, तेवढीच माझी अब्रू शिल्लक.