गुप्त उष्णता

दादा,

तू मिलमधनं यायच्या आत आप्पा मला मोडनिंबला आत्याकडं घेऊन चाललेत. उद्या तिथं पाहुणे मला बघायला येणार. सोमवारी मॅट्रिकचा शास्त्राचा पेपर आहे, त्याचं कुणाला काही नाही. आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घे.

काल तू विचारलेला आलेख आत्ता उमगला. पाणी उकळायला लागल्यावर जाळ कितीही घाला, तापमापीतला पारा जागचा हलत नाही. उष्णता आत जातच असते, दिसत नाही. म्हणून गुप्त उष्णता.

मला गप्प बघून आप्पा, न्यायला आलेल्या आत्याला म्हणाले, "पोरगी तयार हाय." निरीक्षण बरोबर आहे, अनुमान साफ चुकलंय. माझ्या तोंडून निघत नाही रे, तू येऊन सांग.

हॉल तिकीट पोलक्यात लपवलंय.

मालन