तासभर शिजलेला तिखट कांदा

तीर्थरूप बाबा,

सप्पोरोहून चिझुरूचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, खोकला किरकोळ आहे.

इथला जुना तिखट कांदा सोडा आणि आपल्या आवाजी बेटाचं गोड बियाणं घ्या, हे उद्याच्या इथल्या शेतकऱ्यांच्या सभेत सांगायला तुमच्या कांदा सोसायटीने मला पाठवलं. तो कांदा अजून लावणाऱ्या नाओए आजींकडे काल गेले. आपल्या रीतीने दोन्ही कांदे पाण्यात न भिजवता कच्चेच चाखले. आपला नासपतीसारखा रसाळ. त्यांच्या कांद्याने डोळ्यांना धारा लागल्या.

"याला कांदा म्हणायचं?" मी कडाडले.

"भाषणवाल्या बाई, जरा दम धरा. तो अजून शिजायचाय!" आजी हसल्या.

तासाभराने दोन्हींचे रस्से प्यायले. आपला पाणचट लागला. त्यांचा इतका गोड, इतका खोल, की मी वाडगा पुन्हा पुढे केला. एवढी साखर त्या तिखटाआड दडलेली होती! बाबा, आपण आयुष्यभर कच्चा चाखूनच निकाल देत आलो.

उद्या मी हे बियाणं जगवा असंच सांगणार. सोसायटीचे अध्यक्ष म्हणून लोक तुम्हाला बोलतील, हे कळतं. तुमचा गुडघा कसा आहे? टांगलेले कांदे वाळले का?

आजींचे चार कांदे पाठवतेय. आधी तासभर शिजवा, मग माझ्यावर रागवा.

तुमची हट्टी लेक,
चिझुरू