पंचेचाळीस मिनिटांचा तास

गुरुवार, ८ जानेवारी
नवी वही, नवा संकल्प. रोज दोन तास फ्लूट. पहाटे साडेपाच ते साडेसहा लांब सूर, संध्याकाळी पाच ते सहा परीक्षेची रचना. बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं आखली, शेकडो गाड्या माझ्या पेन्सिलीवर चालल्या. एक फ्लूट चालणार नाही?

कॉलेजात संगीताच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही अकरा जण. दहा जणांत विशी ओलांडलेलं कोणी नाही. मी अडुसष्ट. मार्चमध्ये वादनाची परीक्षा: तीन परीक्षक, दहा मिनिटं. पास झालो तर तिसऱ्या वर्षी फ्लूट हाच मुख्य विषय. नाहीतर फ्लूट बंद आणि उरलेली पदवी संगीताच्या इतिहासात. सौ. म्हणाली, इतिहासात जमा व्हायला तुम्हाला परीक्षा कशाला हवी? दुर्लक्ष केलं.

दर गुरुवारी चार वाजता मॅडमकडे एकट्याची शिकवणी, पंचेचाळीस मिनिटं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. आज म्हणाल्या, काका, प्रत्येक तास फोनवर रेकॉर्ड करायचा आणि त्याच संध्याकाळी ऐकायचा. रेकॉर्ड केला. ऐकणं उद्या.

शुक्रवार, ९ जानेवारी, सकाळी ७.१०
साडेपाचला उठलो. थंड फ्लूट एकदम वाजवू नये म्हणतात. म्हणून ती पांघरुणात उबेला ठेवली. सोबतीला मीही.

गुरुवार, १५ जानेवारी
अविस्मरणीय तास! परीक्षेच्या रचनेची पहिली ओळ पाहिली आणि चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता डोळ्यांसमोर उभी राहिली. गुरुजी ती चालीवर म्हणून घ्यायचे. तिसऱ्या कडव्याला उन्हाची पट्टी बरोबर माझ्या पाटीवर यायची. मॅडमना सगळं सांगितलं, अगदी खिडकीबाहेरच्या झाडासकट. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एकदा म्हणाल्या, काका, वाजवू या? मी म्हटलं, वाजवूच की, पण आधी भाव नको का कळायला? त्यांनी मान हलवली. असं ऐकणारे गुरू आता राहिले कुठे!

पहिल्या ओळीच्या शेवटी त्यांनी पेन्सिलीने स्वल्पविरामासारखी खूण केली. इथे श्वास. आज खुणेपर्यंत पोचलो नाही. पण खूण योग्य जागी आहे.

बुधवार, २१ जानेवारी
सराव: फ्लूटचे तिन्ही भाग पुसले. जोडले. आरशात ओठांची ठेवण पाहिली. ठेवण उत्तम. भाग सुटे केले. पुन्हा पुसले. सौ. म्हणाली, दोन आठवड्यांत फ्लूटपेक्षा फडक्याचाच सराव जास्त झालाय. वाद्याची निगा ही निम्मी साधना असते, हे तिला कोणी सांगावं? उरलेली निम्मी उद्यापासून.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
ऐन तासात फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. नातीचे पोहण्याच्या स्पर्धेतले फोटो होते, ते उडवले. घरी आल्यावर सौ. म्हणाली, ऐकायचं नाही ते जपून ठेवलंत, आणि हसती पोर पुसून टाकलीत? ऐकायची घाई काय आहे? मला माझा सूर आतून ऐकू येतो.

शनिवार, ७ फेब्रुवारी
घरात दोन दिवस अबोला. सरावाला याहून चांगली वेळ नाही. पण इतक्या शांततेत माझं लक्ष लागत नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
आज साथीला पियानोवाल्या बाई आल्या होत्या. बोलणं बेताचं, चष्मा कायम डोक्यावर. विचारलं, कुठून सुरू करायचं? मी म्हटलं, नदीपासून. आणि नदी सांगितली. थोड्या वेळाने त्यांनी पियानोचं झाकण अलगद लावलं. एकाग्रता असावी. जाताना मॅडमना म्हणाल्या, परीक्षेत वाजवायची वेळ आली की मला खूण कर गं. मिस्कील आहेत बाई.

गुरुवार, १९ मार्च
परीक्षेआधीचा शेवटचा तास. मॅडम आज जरा तुटक. काका, मंगळवारी आत जायचं, वाकायचं, वाजवायचं. श्वास घ्या, गोष्ट नको. मला हसू आलं. चांगला गुरू शेवटच्या दिवशी मुद्दाम कठोर होतो. आमचे गुरुजीही सहामाहीच्या आदल्या दिवशी असेच व्हायचे. तो किस्सा मॅडमना सांगितला. सांगून होतोय तोच पावणेपाच.

मंगळवार, २४ मार्च, दुपारी २
जिंकलो!

तीन परीक्षक. मधल्यांच्या पुढ्यात छोटं घड्याळ. वाकलो. वाटलं, एकदम सुरू करणं बरं दिसत नाही, दोन शब्द बोलावेत. नदी, वर्ग, उन्हाची पट्टी. डावीकडच्या परीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. पियानोवाल्या बाईंनी मधे दोनदा सुरुवातीचा सूर दिला, तो माझ्या बोलण्याला इतका शोभला की मी झाडही सांगून टाकलं. मग फ्लूट ओठांना लावली. पहिली ओळ वाजवली. खुणेच्या जागी भरपूर श्वास घेतला, आणि घड्याळ वाजलं. मधले म्हणाले, थँक्यू, वेळ झाली.

तो श्वास बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन सोडला. पण पहिली ओळ! एका ओळीत सगळं आलं होतं.

सोमवार, ३० मार्च
निकाल लागला. माझ्यापुढे शेरा: 'मूल्यमापन करण्याइतके वादन झाले नाही.' 'नापास' हा शब्द कुठेही नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सौ.ला कागद दाखवला. ती म्हणाली, घंटी वाजवलीत, तिकिटं फाडलीत, प्रवाशांना गावाचं वर्णन ऐकवलंत. गाडी सोडायची राहिली.

मॅडमनी विभागात भांडून फेरपरीक्षा मिळवलीय, ११ एप्रिलला. ही शेवटची संधी. पण त्यांची एक अट आहे. कुठलंही एक रेकॉर्डिंग पूर्ण ऐकायचं, घड्याळ घेऊन. मी किती वाजवलं, त्यांनी किती वाजवलं, मी किती बोललो, तीन रकाने भरायचे. म्हणाल्या, तुम्ही वेळापत्रकाचे माणूस ना, काका?

गुरुवार, २ एप्रिल
सर्दी. तासाला गेलो नाही. रकाने आखून ठेवले.

बुधवार, ८ एप्रिल, संध्याकाळी ६
ऐकलं. १५ जानेवारीचा तास निवडला, तो अविस्मरणीय.

मी वाजवलं: चार मिनिटं. मॅडमनी वाजवलं: तीन. मी बोललो: एकेचाळीस.

बेरीज अठ्ठेचाळीस. तास तर पंचेचाळीसचा. माझ्या बेरजेत असं कधी झालं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. बेरीज बरोबर होती. मॅडमची तीन मिनिटं दोन रकान्यांत पडली होती. त्या वाजवत होत्या आणि मी बोलत होतो.

'काका, वाजवू या?' एकदा नाही, सतरा वेळा. झाडापाशी एक जांभई आहे. माझी नाही.

बाविसाव्या मिनिटाला त्यांनी लांब सूर धरून दाखवलाय. एकच सूर. वाऱ्याशिवायच्या पाण्यासारखा, कुठे हलत नाही, कुठे तुटत नाही. असा सूर मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे त्या दिवशीसुद्धा नाही. कारण त्याच्यावर मी सांगतोय, कवितेतल्या नदीचं पाणी कसं होतं ते.

सौ. दारात येऊन उभी होती. म्हणाली, किती गोड वाजवतेय हो ती. जरा गप्प बसा ना, ऐकू द्या. मी गप्पच होतो. बोलत होतो तो फोनमधला.

फ्लूट जोडली. पुसली नाही. एक सूर धरला. नऊ सेकंद टिकला. वाईट नव्हता. सौ. काही बोलली नाही, मीही नाही.

उद्या गुरुवार, फेरपरीक्षेआधीचा शेवटचा तास. संकल्प: तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आत जायचं, वाकायचं, वाजवायचं.

फक्त आज हे जे उमगलं, तेवढं मॅडमच्या कानावर घालायला हवं. त्याशिवाय त्यांना माझ्या गप्प बसण्याचा अर्थ कसा कळणार? चार वाजता चौथीच्या वर्गापासून सुरुवात केली, तर पावणेपाचपर्यंत नदीपाशी पोचेन.