मिशी आणि आबा

कर्जत, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८१०

महिनाभर मी स्वतःच दाढी करतो आहे. कोमट पाणी, गालावरचा फेस, चामड्यावर वस्तऱ्याचा सपसप आवाज. आता त्यात सुख वाटू लागले आहे. परवा हात घसरला आणि ओठावरची अर्धी मिशी गेली. उरलेली ठेवून काय करणार? वडील हयात असताना मिशी काढत नाहीत, हे मला ठाऊक नाही का?

धोंडू न्हाव्याने पाहिले. त्याचे गिऱ्हाईक गेले ना! काल कशेळ्याच्या बाजारात ‘मास्तरांची मिशी उतरली’ एवढेच म्हणाला म्हणे. आज दुपारी दोघे भाऊबंद पडल्या चेहऱ्याने दारात.

“कवा गेलं रं म्हातारं?”

आबा आतून उष्ट्या हाताने बाहेर आले. “म्हातारं जेवतंय. तुमी बी बसा.”

आणि ते निर्लज्ज बसले, हसत हसत पोटभर जेवले! ओठ माझा, आणि जाब सगळ्या गावाला द्यायचा?

आबा मात्र हसले नाहीत. संध्याकाळी माझ्या ओठाकडे बघत म्हणाले, “मी खरंच जाईन तवा काय काढशील रं?”



उद्या दाढी करणारच. ओठाला तेवढा वस्तरा लावायचा नाही.